मागाचा खड्डा

सुमित्राबाईच्या दारासमोर मुरमाचा ढीग येऊन पडला होता, आणि त्या ढिगाकडे नजर गेली की बाईचं डोकं फिरायचं. ट्रॅक्टरवाला भल्या सकाळी ओतून गेला तो गेला. कोंबड्यांना उकरायला जागा झाली, गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याला गादी मिळाली, आणि येणारा-जाणारा हटकून विचारायला लागला, "काय काकी, घर बांधून राहिले का?"

सुमित्राबाई म्हणायची, "बांधून नाई राहिलो बापा, बुजवून राहिलो."

पुढचं बोलणं नको म्हणून ती खराटा उचलायला जायची. खराटा काही उचलला जायचा नाही, कारण बोटं त्याच्याभोवती वळतच नव्हती. मग तीच बोटं पदरात लपवून ती आत यायची.

बुजवायचा होता तो मागाचा खड्डा. मोहाडीच्या कोष्टी मोहल्ल्यात एके काळी घर म्हटलं की समोरच्या खोलीत खड्डा असायचाच. विणकर जमिनीवर, खड्ड्याच्या काठाला बसायचा आणि पाय खाली सोडायचा. खाली दोन लाकडी पावड्या. एक दाबली की ताण्याचे अर्धे उभे धागे वर उचलले जायचे, दुसरी दाबली की उरलेले अर्धे, आणि मधल्या फटीतून धोटा इकडून तिकडे पळायचा. खट खट, खट खट. त्या आवाजात लेकरं बिनघोर झोपायची आणि आवाज थांबला की जागी व्हायची. आता बोटावर मोजण्याइतके माग उरले. बाकीचे खड्डे बुजले, त्यांच्यावर फरश्या आल्या, फरश्यांवर फ्रिज आले. माणसं सुखी झाली म्हणतात. झाली असतील.

सुमित्राबाईच्या घरचा खड्डा मात्र तसाच होता, आणि त्यावरचा मागही. तिचे यजमान सेवकराम कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, लुगडं विणायचे, आणि काठ असा विणायचे की भंडाऱ्याचे व्यापारी दुकानात बसल्या बसल्या नुसता काठ पाहून म्हणायचे, हा सेवकरामचा हात. सेवकराम विणायचे आणि सुमित्राबाई कांड्या भरायची. धोट्याच्या पोटात जी बारीक नळी असते ती कांडी. तिच्यावर आडवा धागा गुंडाळून द्यावा लागतो. उजव्या हाताने रहाटाचं चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीतून धागा सोडायचा. लग्न होऊन आली त्या साली सासूने तिला खोलीच्या पार टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी रहाट लावून दिला, म्हणजे चुलीवर लक्ष राहील आणि कांड्याही भरल्या जातील. तोंड चुलीकडे, कान मागाकडे. उभा जन्म ती तिथंच बसली. मागाचा वेग तोच रहाटाचा वेग. मागाजवळची टोपली रिकामी होत आली की सेवकराम नुसतं "हं" म्हणायचे, आणि ही भरलेल्या कांड्या घेऊन उठायची. नवरा-बायकोचं दिवसभराचं बोलणं म्हणजे बहुतेक तेवढंच.

भांडणं मात्र मनसोक्त व्हायची, आणि त्यातलं मोठं भांडण खिडकीचं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी संजीवच्या अभ्यासाला उजेड हवा म्हणून रस्त्याकडच्या भिंतीला खिडकी पाडली. लख्ख उजेड आला. सुमित्राबाई म्हणाली, "अजी, आता माग खिडकीपाशी घ्या. कायले अंधारात डोळे फोडून राहिले?" सेवकराम म्हणाले, "खड्डा पुन्हा कोन खनते?" आणि मागावर वायरने एक बल्ब टांगून घेतला. पुढे चष्मा लागला, चष्म्याचा नंबर वाढला, पण माग हलला नाही. सुमित्राबाईने साऱ्या मोहल्ल्यात सांगितलं, आमच्या घरचा माणूस हाताचा गुणी आहे पण अंगाचा आळशी आहे. दोन दिवसांची खणती, तीही होत नाही. सेवकराम हसायचे आणि खाली पाहून विणायला लागायचे.

ते गेले त्याला दोन हिवाळे झाले. कपडे वाटले गेले, चष्मा कुठल्याशा डब्यात गेला. राहिली ती खड्ड्याच्या काठावरची बैठक. पोत्याची चारपदरी घडी, बसून बसून मधे खोलगट झालेली. तिच्याकडे पाहिलं की वाटायचं, माणूस आत्ताच उठून पाणी प्यायला गेलाय. सुमित्राबाई त्या बैठकीवर कधी बसली नव्हती. दुसऱ्या घरच्या बाया माग चालवायच्या, पण हिची सासू कडक. बाईचा पाय पावडीला लागला का ताणा तुटते, असं ती म्हणायची, आणि तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. सासू गेली, ताणाही संपला, पण सवय राहिली.

आणि हल्ली तर बसायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं. संधिवाताने गुडघे असे धरले होते की सुमित्राबाईचा जमिनीशी संबंधच सुटला होता. जेवण खुर्चीवर, पूजा खुर्चीवर. कांड्या भरून भरून बोटांचे सांधे गाठीसारखे फुगले होते.

यंदा श्रावणात ती चहाचा गिलास घेऊन खड्ड्याच्या बाजूने जात होती, गुडघ्याने दगा दिला, आणि एक पाय सरळ खड्ड्यात. मनगट सुजलं, कंबर थोडक्यात वाचली. तहसील कचेरीसमोर संजीवचं झेरॉक्सचं दुकान आहे. तो दुकान उघडं टाकून पळत आला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"माय, पाय तुझे तुले ऐकत नाई अन् आपन घरात खड्डा ठेवून बसलो," तो म्हणाला. "उद्या कंबर मोडली तं मी काय करू? बुजवून टाकू. सपाट फरशी झाली का तूच घरभर फिरशीन."

यात चूक काय होतं? काही नाही. आणि इथंच तर घोडं पेंड खात होतं. पोरगं चुकत असतं तर सुमित्राबाईने त्याला एका वाक्यात सरळ केलं असतं. पण बरोबर बोलणाऱ्याशी भांडायचं कसं? चौथ्या दिवशी मुरूम येऊन पडला.

मुरूम पाहिला आणि बाई बोलली. "संजीव, मी माह्या पायानं त्या खड्ड्यात उतरली अन् माह्या पायानं वर आली, कोनी उचलून न धरता, तं राहू देशीन का?"

संजीवने बायकोकडे, करुणाकडे पाहिलं. करुणाने भाजीत डोकं घातलं.

"माय, तू दोन सालापासून खाली बसली नाई."

"मी ते नाई विचारलं."

संजीवला वाटलं, म्हातारीचं मन कशाला मोडा, उतरणार तर नाहीच. म्हणाला, "खंडेनवमीपावतर. तेवढी मागाची पूजा करून घे. मंग मिस्त्री येईन, अन् मंग नाई म्हनायचं नाई."

ठरलं. आता बोलून बसलेली बाई पाय कुठून आणणार?

करुणा तिला एसटीने भंडाऱ्याला घेऊन गेली. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, रीता मॅडम, वयाने करुणाहून लहान. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, बोटं वाकवून पाहिली, एक्स-रेचे फोटो उजेडासमोर धरून पाहिले. मग विचारलं, "काकू, असं काय आहे, जे तुम्हाला करायचंय आणि आता करता येत नाही?"

बाकीचे सांगत असतील देवळात जायचंय, नातवाला उचलून घ्यायचंय. सुमित्राबाई म्हणाली, "मले खड्ड्यात उतरायचं हाये."

मॅडमनी करुणाकडे पाहिलं. मग करुणाने टेबलावर बोट फिरवून त्यांना काठ दाखवला, खड्डा दाखवला, पाय कुठं सुटतात ते दाखवलं. मॅडमचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे एकदा काठावर बसलं की पाय खाली लोंबतात? मग ती खुर्चीच झाली. अडचण फक्त जमिनीपर्यंत पोचण्याची आहे. गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि मी सांगते तसं घरी रोज करायचं. सावकाश. दुखलं की थांबायचं. सूज आली की त्या दिवशी सुट्टी."

व्यायाम म्हणजे काहीतरी आखाड्यातलं असेल अशी सुमित्राबाईची समजूत. निघालं भलतंच. खुर्चीत बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, हवेत जरासा धरायचा आणि खाली आणायचा. पाटावर पाय ठेवून घोटा गोल फिरवायचा. पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने हलकेच दाबायची. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ मिटायची, उघडायची, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला नेऊन लावायचा.

"याले व्यायाम म्हन्तेत का?" परत येताना बसमध्ये ती म्हणाली. "हे तं लेकरंबी करतीन."

लेकरं करतील, पण तिच्याने होईना. अंगठा करंगळीपर्यंत पोचायचा नाही, अर्ध्या वाटेत थांबून राहायचा. बाई वैतागायची, अंगठ्यालाच दोन शब्द सुनवायची.

पायांचं मात्र फर्मास जमलं. इतकं जमलं की तिलाच नवल वाटलं. सकाळी खिडकीपाशी खुर्ची टाकायची आणि सुरू करायचं. समोर मंदाबाईचं घर. मंदाबाईचा पोरगा भूपेंद्र अजून माग चालवतो. जवान माणूस, दणकट पाय. त्याचा माग सुरू झाला की गल्लीत खट खट, खट खट, आणि इकडे सुमित्राबाईचे पाय आपोआप चालायला लागायचे. हा वर, तो खाली, तो वर, हा खाली. हवेत धरणं वगैरे गेलं उडत. तिला कुणीतरी येऊन उठवावं लागायचं. अंग गरम व्हायचं, जुने दिवस आल्यासारखं वाटायचं, चुलीवर काही ठेवलंय की काय असं वाटून मान स्वयंपाकघराकडे वळायची. ती मनात म्हणायची, मॅडमनं सांगितलं त्याच्या चौपट करून राहिली मी. खंडेनवमी कशाला, त्याच्या आधीच उतरून दाखवीन.

आठवडा गेला आणि दोन्ही गुडघे असे सुजले की लुगडं वर सरकवून पाहायचीही भीती वाटावी. पलंगावरून उतरता येईना. संजीवने शेक दिला, मग बाहेर जाऊन मिस्त्रीला फोन केला तो तिने आतून ऐकला. त्या दिवशी सुमित्राबाई भिंतीकडे तोंड करून पडली. सगळं हातचं गेलं असं तिला वाटलं, आणि ते तिनेच घालवलं होतं.

सूज उतरल्यावर करुणा तिला पुन्हा भंडाऱ्याला घेऊन गेली. मॅडम म्हणाल्या, "करून दाखवा." सुमित्राबाईने करून दाखवलं, तोंडाने हळूच खट खट म्हणत.

"असं कुणी शिकवलं?"

करुणा म्हणाली, "मॅडम, आमच्या समोर माग चालते सकाळी. आईचा पाय त्या मागावर चालून राहिला."

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी तिचा पाय आपल्या तळव्यावर घेतला, सरळ केला, धरून ठेवला आणि इतक्या हळू खाली आणला की सुमित्राबाईला वाटलं या पोरीला दुसरं काम नाही. "काकू, इथून कापड काढायचं नाहीये आपल्याला," मॅडम म्हणाल्या. "असं. एका श्वासाला वर, एका श्वासाला खाली."

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, हे सुमित्राबाईने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आता मुंगी व्हायची पाळी स्वतःवर आली.

करुणाने वेळ बदलली. दुपारी भूपेंद्र जेवून झोपतो, माग बंद असतो, तेव्हा करायचं. पण झालं काय, दुपारच्या त्या शांततेत सुमित्राबाईचा पाय उचलायलाच तयार होईना. ज्या बाईने जन्मभर मागाच्या आवाजावर हात चालवला, तिला बिनआवाजाचं काही करताच येत नव्हतं. श्वास मोजायला गेली की श्वास चुकायचा. ती तशीच खुर्चीत बसून राहायची, समोर बंद माग, वर तो वायरचा बल्ब.

आणि एका दुपारी तिला तो दुसरा आवाज आठवला. भूपेंद्रच्या मागाचा नव्हे, ह्याच मागाचा, शेवटच्या वर्षांतला. खट. मग एक मोठा खोळंबा. मग खट. सेवकराम तेव्हा तसे विणायचे. हिच्या कांड्या भरून टोपलीतून बाहेर सांडायच्या आणि ती तिकडून ओरडायची, "अजी, मागावर झोपले का?" ते म्हणायचे, "नाई, धागा पाहून राहिलो." संध्याकाळी काठावरून उठताना मागाच्या खांबाला धरून उठायचे, परसदारी बसून मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल गुडघ्यांना चोळायचे. घरभर त्याचा वास यायचा आणि ती नाकाला पदर लावायची. तिला वाटायचं, माणूस म्हातारा झाला, मंद झाला. गुडघ्यात काय होतं ते तिला आत्ता, स्वतःच्या गुडघ्यातून कळलं. पावडी दाबायची, कळ जिरू द्यायची, मग दुसरी दाबायची. ते धागा पाहत नव्हते, दुखणं जिरवत होते. आणि तशा पायांनी त्यांनी किती लुगडी उतरवली, एकाही काठात चूक नाही.

सुमित्राबाईला रडू कोसळलं. पाय हवेत सरळ होता तो तसाच राहिला. मग तिने तो खाली आणला, त्यांच्या शेवटच्या वर्षांच्या चालीने. खट. श्वास. खट.

करुणाने दारातून पाहिलं आणि ती आत आली नाही. असं कळायला लागतं, सगळ्यांना कळत नाही.

त्यानंतर दुपार म्हणजे त्या दोघांची वेळ झाली, सुमित्राबाईची आणि सेवकरामांची. तिच्या कानात तो मंद माग चालायचा आणि पाय त्याच्या मागून जायचे. अशा वेळी काय काय आठवायचं. चौंडेश्वरीच्या जत्रेत घेतलेल्या बांगड्या चाकाच्या दांडीवर वाजायच्या म्हणून काढून ठेवल्या होत्या, तर सेवकरामांनी विचारलं होतं, आज बांगड्या कुठं गेल्या. पाठमोऱ्या बसलेल्या बाईच्या बांगड्या त्या माणसाला कशा दिसल्या, हा विचार तिला तेव्हा सुचला नाही. पहिलं मोठं लुगडं विकलं गेलं तेव्हा ते मोहाडीच्या बाजारातून जिलबी घेऊन आले, आणि सासूच्या नजरेस पडू नये म्हणून जिलबीचा पुडा कांड्यांच्या टोपलीत ठेवला. कांड्यांना पाक लागला, धागा चिकटला, दिवसभराचं काम बसलं. सासू खवळली, आणि ही दोघं दोन टोकांना खाली मान घालून हसत बसली.

पाय भरत गेले. करुणाने आपल्या डोक्याने एक युक्ती काढली. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. ते जमल्यावर खुर्ची काढली आणि खाटेवरून उठायला लावलं, कारण खाट खुर्चीपेक्षा ठेंगणी. मग लग्नातली तांदळाची पेटी. मग स्वयंपाकघरातलं छोटं स्टूल. बाजूला कायम खुर्ची, हात टेकायला. सुमित्राबाई म्हणायची, "माही पायरी पायरीनं इज्जत उतरवून राहिली ही." पेटीवर ती एकदा बसली ती उठलीच नाही, शेवटी करुणाला म्हणाली, "आता पेटीसकट उचला मले, माहेरी नेऊन ठेवा." दोघी इतक्या हसल्या की समोरून मंदाबाई काय झालं ते पाहायला आली. दुसऱ्या दिवशी उठली. अंगठाही कधीतरी करंगळीला जाऊन टेकला. तो तिने संजीवला दाखवला नाही, झाकून ठेवला.

शेवटचा राहिला पाट. पाटावर ती बसली, पण तिथून उठायला दोन्ही हात खुर्चीवर टेकून, घामाघूम होऊन. मॅडमनी फोनवर सांगितलं, रोज नको, अधूनमधून करा. संजीव दुकानातून येऊन हे सगळं पाहत होता. मिस्त्रीचा फोन आला की बाहेर जाऊन बोलत होता. त्याला आई जिंकावी असंही वाटत होतं आणि ती पडेल अशी भीतीही वाटत होती. बापाविना पोराचं असं होतं.

खंडेनवमी आली. करुणाने माग पुसला, धागा ठोकून बसवणाऱ्या फणीला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पावड्यांवरची धूळ झटकायला ती खड्ड्यात उतरली आणि वर आली. किती सहज. सुमित्राबाई पाहत राहिली. मग तिने पदर खोचला आणि म्हणाली, "खुर्ची आन."

खुर्ची काठाशी आली, तिच्या बाजूला पाट, त्याच्या पुढे गोधडीची घडी. संजीव पुढे झाला तर करुणाने त्याचा दंड धरला. सुमित्राबाई खुर्चीवरून पाटावर आली. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर टेकून एक गुडघा गोधडीवर ठेवला. कळ आली. तिने ती जिरू दिली. मग दुसरा गुडघा. मग तशीच हळूहळू वळली, काठ हाताने चाचपला, आणि पोत्याच्या त्या खोलगट घडीवर जाऊन टेकली. "सासूबाई, आता काई म्हनू नका," असं पुटपुटली आणि पाय खाली सोडले.

पाय पावड्यांवर टेकले. लाकूड गुळगुळीत होतं, टाचेच्या जागी खोल गेलेलं. त्यांचे पाय मोठे होते, तिचे त्या खळग्यात सैल बसले. तिने एक पावडी दाबली. वरती रिकाम्या मागाने करकर केली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. ती खाली पाहत बसली होती, जिथं कापड असायचं तिथं, सेवकराम पाहायचे तशी.

मग मान दुखली म्हणून तिने ती वर केली.

समोर फणीची वरची फळी होती, तिच्याखाली हातभर मोकळी जागा, आणि त्या जागेतून सरळ, नाकासमोर, तिचा कोपरा दिसत होता. स्वयंपाकघराचं दार, दाराशी भिंत, भिंतीशी फडकं टाकून ठेवलेला रहाट. बाकी काही नाही. रस्ता नाही, खिडकी नाही, बाहेरचं दार नाही. ती जरा डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. तिथून नजर उचलली की दुसरीकडे कुठं जातच नव्हती.

"करुणा," ती म्हणाली, "तिथं जाऊन बस बरं. रहाटापाशी."

करुणाला वाटलं काही हवंय. ती जाऊन बसली.

"अशी नोको. तोंड चुलीकडे कर. हं. आता हात हलव, चाक फिरवल्यासारका."

करुणाने हात फिरवला. तिची मान दिसत होती, कानातलं दिसत होतं, मनगटावरच्या बांगड्या दिसत होत्या. सुमित्राबाईने फळीखालून ते सगळं नीट पाहून घेतलं. कितीतरी वेळ पाहिलं.

"आई, दुखून राहिलं का?" करुणाने न वळता विचारलं.

"नाई. तू हलू नोको." मग ती म्हणाली, "संजीव, खिडकी पाडली तवा मी तुझ्या बाबाले म्हनलं, माग उजेडात घ्या. तिकडे माग नेला असता तं समोर रस्ता आला असता. रहाट पाठीमागे गेला असता." तिने डोळ्यांना पदर लावला. "अन् मी साऱ्या मोहल्ल्यात आळशी म्हनत फिरली. त्या मानसानं डोळे घालवले, मले नाई सांगतलं."

संजीव येऊन काठाशी, आईच्या बाजूला मांडी घालून बसला. त्यानेही वाकून फळीखालून पाहिलं. त्याची बायको रहाटापाशी बसली होती, चुलीकडे तोंड करून, कान मात्र इकडे.

"वरून फळ्या टाकून घेऊ," तो म्हणाला. "उचलायच्या फळ्या. तू बसशीन तेवढ्यापुरत्या काढू. म्हंजे पडायची भीती नाई."

"हं," सुमित्राबाई म्हणाली.

"अन् त्या मुरमाचं काय करू?"

"रस्त्यात टाक. गावात खड्डे का कमी हायेत?"

करुणा तिकडे खुदकन हसली, पण सांगितल्याप्रमाणे हलली नाही. संजीवने नाक पुसलं. मग आठवण झाल्यासारखा म्हणाला, "पन माय, वर यायचं बाकी हाये तुझं. बोली दोन्हीची होती."

सुमित्राबाईने डावी पावडी दाबली, श्वास घेतला, आणि उजवी दाबली.

"येईन ना बापा," ती म्हणाली. "घाई कायची हाये? मॅडमनं सावकाश सांगतलं हाये."